शीतकपाट, तळाशी हिमकप्पा असलेले

फ्रिज या नावाने घरोघरी ओळखल्या जाणाऱ्या शीतकपाटाचे दोन मुख्य भाग असतात. अन्न न गोठता सु. ३° ते ५° से. तापमानाला ज्यात राहते तो शीतकप्पा आणि सु. −१८° से. तापमानाला गोठलेल्या स्थितीत ज्यात ठेवले जाते तो हिमकप्पा, म्हणजेच फ्रीझर. हिमकप्पा माथ्यावर असण्याची रूढी जुनी आहे. तो तळाशी नेऊन, दिवसातून अनेकदा उघडावा लागणारा शीतकप्पा कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आणणारी रचना त्यामानाने अलीकडची आहे. हा बदल वरकरणी केवळ सोयीचा वाटतो. परंतु थंड हवा जड असल्याने खाली उतरते, या साध्या नियमाला वळसा घालूनच तो करावा लागला. त्यामुळे अशा कपाटात उद्भवणारे दोष व त्याची निगा यांचे स्वरूप जुन्या कपाटाहून वेगळे असते आणि ते तसे का, हे या साधनाच्या इतिहासावरून चांगले समजते.

इतिहास : यंत्राविना थंडी साठविणारे कपाट यांत्रिक शीतकपाटाच्या सु. शंभर वर्षे आधीचे आहे. अमेरिकेतील मेरिलंडचे शेतकरी टॉमस मूर यांनी लोणी बाजारात घट्ट स्थितीत पोहोचावे म्हणून बर्फ व उष्णतारोधक आवरण वापरलेली पेटी तयार केली व १८०३ मध्ये तिचे एकस्व घेतले. रेफ्रिजरेटर हे नाव त्यांनीच तिला दिले. पुढे घरोघरी आलेल्या बर्फाच्या कपाटात बर्फाची लादी वरच्या खणात ठेवीत. तिच्यामुळे थंड झालेली हवा खाली उतरे, अन्नातील उष्णता घेऊन पुन्हा वर चढे आणि हे अभिसरण कोणत्याही यंत्रावाचून चालत राही. वितळलेले पाणी नळीवाटे तळाच्या परातीत गोळा होई. ही परात रोज रिकामी करणे व नळी साफ ठेवणे हे गृहिणीचे नेमाचे काम असे; त्यात हयगय झाली की स्वयंपाकघरात पाणी पसरे. पाण्याची नळी आणि तळाची परात हे दोन अवयव आजच्या अत्याधुनिक कपाटातही कायम आहेत आणि पाणी गळण्याची तक्रारही त्यांच्याबरोबरच टिकून राहिली आहे.

भारतात बर्फ प्रथम समुद्रमार्गे मोठ्या प्रमाणावर आला तो व्यापारी माल म्हणून. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी न्यू इंग्लंडमधील तळ्यांतून कापलेला बर्फ १८३३ मध्ये टस्कनी या जहाजाने कलकत्त्यास पाठविला. सु. चार महिन्यांच्या प्रवासात त्याचा बराच भाग वितळला, तरी सु. शंभर टन बर्फ सुस्थितीत पोहोचला. त्यानंतर मुंबई व मद्रास येथेही हा बर्फ येऊ लागला आणि त्याच्या साठ्यासाठी जाड भिंतींची बर्फगृहे बांधण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावात यंत्राने केलेला बर्फ स्थानिक रीत्या मिळू लागल्यावर हा व्यापार संपला.

कृत्रिम शीतनाचे तत्त्व त्यापूर्वीच ज्ञात झाले होते. द्रवाचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, हे स्कॉटलंडमधील वैद्यक विलियम कलन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास प्रयोगाने दाखविले. हे बाष्प दाबून पुन्हा द्रव करावयाचे व तेच द्रव्य बंद चक्रात फिरवत ठेवावयाचे, ही कल्पना ऑलिव्हर एव्हान्झ यांनी १८०५ मध्ये मांडली आणि तिच्यावर आधारलेल्या यंत्राचे एकस्व जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडन येथे घेतले. आजच्या घरगुती शीतकपाटातही हेच चक्र असते. संपीडक म्हणजे कॉम्प्रेसर प्रशीतक वायूवर दाब देतो. संघनकाच्या नळ्यांत तो वायू उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. केशनलिकेतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि बाष्पित्रात त्याचे पुन्हा बाष्प होताना कपाटातील उष्णता शोषली जाते. वायू सीलबंद चक्रात फिरत असल्याने तो वापराने खर्च होत नाही. गळती असेल तरच त्याचे प्रमाण घटते. ‘गॅस संपला’ या निदानावर विसंबून अनाठायी खर्च होण्याचे टाळावयाचे असेल, तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

शिकागो येथे १९१३ मध्ये फ्रेड वुल्फ यांनी विकावयास आणलेले डोमेलर हे यंत्र बर्फाच्या कपाटावर बर्फाच्या जागी बसविण्याजोगे होते. केल्व्हिनेटर व फ्रिजिडेअर ही कपाटेही त्याच दशकात बाजारात आली. तथापि या सुरुवातीच्या यंत्रांत विद्युत् चलित्र व संपीडक पट्ट्याने जोडलेले असत आणि संपीडकाचा फिरता दांडा ज्या ठिकाणी बाहेर येई, तेथून वायू झिरपे. वायू म्हणून सल्फर डाय-ऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड वापरीत. सल्फर डाय-ऑक्साइडाच्या उग्र वासाने घरातील माणसे निदान सावध होत. मिथिल क्लोराइडाचा वास मंद असल्याने तेवढीही पूर्वसूचना मिळत नसे व त्याच्या गळतीने १९२९ मध्ये शिकागो येथे अनेकांचा मृत्यू झाला. बर्लिनमधील एक कुटुंब अशाच गळतीने दगावल्याची बातमी वाचून ॲल्बर्ट आइन्स्टाइन व लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२६ पासून हलते भाग नसलेल्या शीतकपाटाचा ध्यास घेतला व अनेक एकस्वे मिळविली. त्यांचे कपाट बाजारात आले नाही. दोन आघाडीच्या भौतिकीविज्ञांनी घरगुती फ्रिजवर एवढे श्रम खर्च करावेत, यावरून त्या काळी हा धोका किती गंभीर मानला जाई याची कल्पना येते.

या धोक्यावर दोन बाजूंनी उपाय झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९२७ मध्ये ख्रिश्चन स्टीनस्ट्रप यांच्या देखरेखीखाली चलित्र व संपीडक एकाच पोलादी कवचात सीलबंद केलेले कपाट आणले. डोक्यावरील गोल यंत्रामुळे ते मॉनिटर टॉप या नावाने प्रसिद्ध झाले. पट्टा ताणणे, तेल घालणे व वायू भरणे ही कामे त्याने घरातून हद्दपार केली आणि यातील कित्येक कपाटे पुढे दशकानुदशके चालली. दुसरा उपाय रासायनिक होता. टॉमस मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वर्गातील, विषारी नसलेला व पेट न घेणारा वायू शोधला. तो फ्रिऑन या नावाने विकला जाऊ लागला. मात्र हाच वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनाचा नाश करतो, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रिऑल कराराने त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. भारत या करारात १९९२ मध्ये सामील झाला. त्याच्या जागी प्रथम आर-१३४ए हा वायू आला. तो ओझोनास अपायकारक नाही. परंतु त्याची उष्णता अडविण्याची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. १,४०० पट आहे. त्यामुळे १९९३ मध्ये जर्मनीत सुरुवात होऊन आयसोब्यूटेन म्हणजे आर-६००ए या वायूकडे उद्योग वळला. तो ज्वालाग्राही असल्याने घरगुती कपाटात त्याचे प्रमाण १५० ग्रॅ. च्या आत ठेवावे लागते. म्हणजे निर्धोक वायूच्या शोधात निघालेला हा उद्योग साठ-सत्तर वर्षांनी, परिणाम पूर्ण जाणून, पुन्हा एका ज्वालाग्राही वायूपाशी आला. दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. जुन्या कपाटावर ज्या बेफिकिरीने डाख दिला जाई, ती आता जिवावर बेतू शकते.

हिमकप्प्याचे स्थलांतर : मॉनिटर टॉप व त्यानंतरच्या कपाटांत बाष्पित्र माथ्याशीच राहिले. बर्फाची लादी जेथे होती तेथे धातूची छोटी पेटी आली आणि तिच्यात बर्फाचे खडे तयार होऊ लागले, एवढाच काय तो बदल झाला. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांच्या शीघ्र गोठणपद्धतीने तयार केलेले अन्न १९३० मध्ये मॅसॅचूसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील दुकानांत विक्रीस आले व ते साठविण्यास ही पेटी अपुरी पडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वतंत्र दाराचा मोठा हिमकप्पा सर्रास दिसू लागला.

पेटी मोठी झाली तशी हिमाची अडचणही वाढली. दार उघडताच आत शिरणाऱ्या हवेतील बाष्प सर्वांत थंड पृष्ठभागावर गोठते. हिमाचा थर उष्णतारोधक असल्याने तो जाड झाला की बाष्पित्र आतील उष्णता घेऊ शकत नाही. म्हणून दर काही आठवड्यांनी कपाट बंद करून हिम वितळवावे लागे. उतावळेपणाने सुरीने किंवा उलथन्याने बर्फ खरवडताना ॲल्युमिनियमाच्या पातळ पत्र्यातील वायुमार्गाला भोक पडणे, हा अशा कपाटांचा नेहमीचा अपमृत्यू होय. क्षणभराच्या या घाईने बाष्पित्र कायमचे निकामी होई व त्याचा खर्च नव्या कपाटाच्या किमतीशी स्पर्धा करी. एक दार असलेली अशी कपाटे अजूनही विकली जातात व अशी भोकेही अजून पडतात.

१९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत हिम आपोआप वितळविणारी कपाटे प्रचारात आली. त्यांत बाष्पित्र हिमकप्प्याच्या भिंतीआड लपविले गेले व पंख्याने हवा त्यावरून फिरविली जाऊ लागली. ठराविक काळाने संपीडक थांबतो, बाष्पित्राखालील तापक काही मिनिटे चालू होतो, हिम वितळते आणि पाणी नळीवाटे संपीडकाजवळच्या परातीत जाऊन तेथील उष्णतेने वाळून जाते. बर्फाच्या कपाटातील परात रिकामी करण्याचे काम अशा रीतीने यंत्राकडे गेले. पंखा आल्यामुळे थंडी वरून खालीच वाहिली पाहिजे हे बंधनही सुटले. त्याच दशकात तळाशी हिमकप्पा असलेली कपाटे अमेरिकी उत्पादकांनी बाजारात आणली. भाजी, दूध, उरलेले अन्न यांसाठी वारंवार वाकावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. क्वचित लागणाऱ्या गोठविलेल्या जिनसांसाठी वाकणे त्यामानाने सोपे.

यूरोपात हीच रचना निराळ्या मार्गाने रूढ झाली. तेथील अरुंद व उंच कपाटांत शीतकप्पा व हिमकप्पा यांना स्वतंत्र बाष्पित्रे व काहींत स्वतंत्र संपीडकही देण्यात आले. वरच्या कप्प्याच्या मागील भिंतीवर पाण्याचे थेंब किंवा विरळ हिम दिसते. संपीडक थांबला की ते वितळते व भिंतीच्या पायथ्याच्या छिद्रातून खाली जाते. हे थेंब म्हणजे दोष नव्हे. जपानमध्ये खालच्या भागात हिमकप्प्याच्या जोडीला भाजीचा स्वतंत्र ओढखण देण्याची पद्धत पडली.

याच सुमारास दाराचाही प्रश्न ऐरणीवर आला. जुन्या कपाटांचे दार खटक्याने बंद होई व ते आतून उघडता येत नसे. टाकून दिलेल्या कपाटात खेळताना अडकून अनेक मुले गुदमरून मेली. अमेरिकेत २ ऑगस्ट १९५६ रोजी यासंबंधी कायदा झाला आणि १९५८ च्या अखेरीपासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती कपाटाचे दार आतून ढकलून उघडता येणे सक्तीचे ठरले. खटक्याची जागा रबरी किंवा प्लॅस्टिकच्या झालरीत बसविलेल्या चुंबकपट्टीने घेतली. आज गॅस्केट म्हणून ओळखली जाणारी व ग्राहकाच्या दृष्टीने केवळ हवा अडविणारी ही पट्टी मुळात जीवरक्षणासाठी सार्वत्रिक झाली, हे सहसा ठाऊक नसते.

भारतात १९५८ मध्ये गोदरेज कंपनीने देशी बनावटीचे शीतकपाट तयार केले. त्यानंतरची कित्येक दशके एक दार, माथ्यावर छोटा हिमकप्पा आणि हाताने हिम वितळविणे हाच येथील घरांचा परिपाठ राहिला. आपोआप हिम वितळविणारी कपाटे सर्वसामान्यांच्या आटोक्यात १९९० नंतर आली व तळाशी हिमकप्पा असलेली त्यानंतर. ज्या घरात बर्फ व आइस्क्रीम यांपलीकडे हिमकप्प्याचा फारसा उपयोग नाही आणि भाजी, ताक, कणीक यांसाठी दिवसातून वीस वेळा दार उघडले जाते, तेथे ही रचना अधिक सयुक्तिक ठरते.

दोष व निगा : तळाशी हिमकप्पा असलेल्या पंखायुक्त कपाटाचे सर्वांत बोलके लक्षण म्हणजे खालचा कप्पा गोठलेला, पण वरचा कोमट. माथ्यावर बाष्पित्र असलेल्या जुन्या कपाटात पंखा बंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. येथे मात्र वरची सर्व थंडी पंख्याच्या जोरावर चढत असते. म्हणून या लक्षणावरून वायू कमी झाल्याचा तर्क प्रथम करू नये. संपीडक चालू असून हिमकप्पा नीट गोठत असेल, तर शीतनचक्र बहुधा शाबूत असते व अडथळा हवेच्या मार्गात असतो. तो तीन ठिकाणी संभवतो. वरच्या कप्प्यातील झरोके भांड्यांनी किंवा पिशव्यांनी झाकले गेलेले असतात, हा सर्वांत साधा व वारंवार आढळणारा प्रकार. झरोक्यामागील झडप बंद स्थितीत अडकलेली असू शकते. तिसरा प्रकार म्हणजे भिंतीआडचे बाष्पित्र हिमाने पूर्णपणे चोंदलेले असते.

हा तिसरा प्रकार ओळखण्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. अन्न अन्यत्र हलवून, कपाटाची वीज तोडून व दोन्ही दारे उघडी ठेवून ते चोवीस तास तसेच ठेवावे. तळाशी जुनी फडकी अंथरावीत. पुन्हा सुरू केल्यावर कपाट काही दिवस उत्तम चालले आणि नंतर वरचा कप्पा परत कोमट झाला, तर तापक, तापमान-संवेदक किंवा त्यांचे नियंत्रण यांत बिघाड आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. असा भाग बदलणे तुलनेने स्वस्त असते. वायू पुन्हा भरण्याने मात्र काहीच साधत नाही. चोंदलेल्या हिमाला पंख्याची पाती घासू लागल्यास खरखर ऐकू येते व वरचा कप्पा कोमट होण्याआधी पुष्कळदा हीच पहिली सूचना असते.

दुसरे विशिष्ट लक्षण म्हणजे हिमकप्प्याच्या तळाशी बर्फाची सलग पाटी जमणे व पुढे दारातून पाणी जमिनीवर येणे. बाष्पित्र तळाजवळ असल्याने वितळलेल्या पाण्याची नळी आखूड असते व अतिशीत जागेतून जाते. अन्नकणाने किंवा धुळीने ती थोडी तुंबली तरी पाणी तेथेच गोठते आणि दर वेळी वितळणारे पाणी तळावर पसरते. कपाट बंद करून, बर्फ आपोआप सुटू देऊन, छिद्रात कोमट पाणी पिचकारीने सोडल्यास बहुधा मार्ग मोकळा होतो. टोकदार वस्तू वापरू नये. यूरोपीय धाटणीच्या कपाटात पाणी जर वरच्या कप्प्यातील भाजीच्या खणाखाली साचत असेल, तर मागील भिंतीच्या पायथ्याचे छिद्र तुंबलेले असते. कोथिंबिरीचे पान किंवा कांद्याचे साल एवढेही त्याला पुरते. तेथे कापसाची काडी व कोमट पाणी यांनी काम भागते.

हिम सगळीकडे न जमता दाराजवळच जमत असेल, तर दोष झालरीचा असतो. कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे व कपटा ओढून पाहावा. तो सहज निसटला तर त्या जागी झालर बसत नाही. तेलकट थर कोमट साबणाच्या पाण्याने पुसल्यावर ती पुष्कळदा पुन्हा धरू लागते. तळच्या ओढखणाचे दार आतील पिशवी किंचित वर आल्यानेही केसभर उघडे राहते व ते उभ्याने दिसत नाही. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत ही फट एका रात्रीत हिम साचविते.

उष्ण प्रदेशात संघनकाकडे लक्ष द्यावे लागते. कपाटांचे हवामानानुसार वर्ग केलेले असून उष्णकटिबंधीय वर्गाची मर्यादा ४३° से. असते. नागपूर, चंद्रपूर येथील उन्हाळ्यात हवाच ही मर्यादा ओलांडते. मग ओट्याला किंवा भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागची हवा त्याहून तापते, यात नवल नाही. मागे व वर मोकळी जागा सोडावी आणि नळ्या उघड्या असतील तर वर्षातून दोनदा धूळ झाडावी. बाजूच्या भिंती गरम लागतात त्या संघनक तेथे बसविलेला असल्यामुळे. उलट थंड प्रदेशात, एकच नियंत्रक वरच्या कप्प्यात असलेल्या कपाटाची खोली फार गारठली, तर वर थंडी पुरेशी आहे असे समजून संपीडक चालतच नाही व खालचे गोठलेले अन्न वितळू लागते.

वीज गेल्यावर दार न उघडल्यास भरलेला हिमकप्पा सु. ४८ तास, अर्धा भरलेला सु. २४ तास थंडी टिकवितो. शीतकप्पा मात्र सु. ४ तासच. ओढखणांमुळे थंड हवा सांडत नाही, हा तळाच्या हिमकप्प्याचा एक अनपेक्षित लाभ. वीज येताच कपाट लगेच सुरू होण्याचा प्रयत्न करते, तेव्हा चक्रातील दाब समान झालेला नसतो; जुन्या धर्तीचा संपीडक गुणगुणतो, टक्‌ असा आवाज होऊन बंद पडतो व काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. असे एकदोनदा झाले तर ते संरक्षक खटक्याचे काम होय. दिवसभर चालू राहिले, तर आरंभक साधन, विजेचा दाब किंवा स्वतः संपीडक यांची तपासणी जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. वीजजोडणी व वायूचे चक्र यांना घरच्या माणसाने हात लावू नये. ज्वालाग्राही वायूची खूण मागील पट्टीवर छापलेली असते, ती तंत्रज्ञास दाखवावी.

निकामी कपाट घराबाहेर काढताना, विशेषतः ते जुन्या खटक्याचे असल्यास, त्याचे दार बिजागरीपासून काढून वेगळे ठेवावे. भारतात १ मे २०१२ पासून ई-कचरा नियमांत शीतकपाटाचा समावेश असून त्यातील वायू व तेल अधिकृत केंद्रात काढून घ्यावयाचे असते.